वेळासची वाटचाल : घरटी राखता राखता

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तरेला, मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते त्याच्या जवळ वेळास हे गाव आहे. खाडीच्या पलीकडे रायगड जिल्ह्यातले हरिहरेश्वर, अलीकडे बाणकोटचा किल्ला. इतिहासाच्या पुस्तकांत वेळासचे नाव येते ते नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून. गेल्या वीस-बावीस वर्षांत या गावाला दुसरी ओळख मिळाली. आज मुंबई-पुण्यातल्या शाळकरी मुलांनाही वेळास ठाऊक आहे, ते कासवांचे गाव म्हणून.

ही ओळख चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था आणि वेळासचे ग्रामस्थ या दोघांनी मिळून कमावली आहे. कोकणात पर्यटन वाढावे, असे सगळेच म्हणतात. पण किनाऱ्यावरच्या लहान गावाने निसर्ग राखावा, घरातली चूल त्यावर चालवावी आणि शिमग्याइतक्याच आपलेपणाने एखादा नवा उत्सव साजरा करावा, असे सहसा घडत नाही. वेळासला ते घडले. कसे घडले, याची ही नोंद.

चिपळूणची सुरुवात

सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२ साली चिपळुणात सुरू झाली. विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे आणि त्यांच्यासारखी निसर्गाची ओढ असलेली मंडळी एकत्र आली. मोठे भांडवल नव्हते आणि पाठीशी मोठे नावही नव्हते. रानात, किनाऱ्यावर, डोंगरात फिरायचे, पाहिलेले नीट लिहून ठेवायचे आणि जे संकटात दिसेल त्यासाठी जमेल ते करायचे, अशी कामाची पद्धत होती.

संस्थेच्या सुरुवातीच्या कामांतली दोन कामे वेळासच्या गोष्टीशी नाते सांगणारी आहेत. पहिले काम पाकोळ्यांचे. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवरच्या गुहांत भारतीय पाकोळ्या वर्षानुवर्षे घरटी करतात. लाळेने बांधलेल्या या घरट्यांना परदेशात सूप करण्यासाठी मोठी किंमत मिळते, त्यामुळे तिथून त्यांची चोरटी तोड होत असे. संस्थेने हा व्यापार उजेडात आणला आणि पाखरांच्या बाजूने उभी राहिली. दुसरे काम समुद्री गरुडांचे. पांढऱ्या पोटाचा हा मोठा शिकारी पक्षी किनाऱ्याजवळच्या उंच झाडांवर घरटे करतो. ही घरटी शोधत संस्थेचे कार्यकर्ते गावोगावचे किनारे पालथे घालत होते.

या फिरण्यातून एक गोष्ट त्यांच्या अंगी मुरली. घरटे कुठे आहे, हे गावातल्या माणसाला आधीपासून ठाऊक असते. त्याला विचारले, त्याच्याजवळ बसले, तर ते समजते. आणि ते घरटे पुढच्या वर्षी तिथे राहील की नाही, हेही त्या माणसाच्याच हातात असते.

वाळूतली टरफले

२००२ साली अशाच गरुडांच्या पाहणीत काटदरे आणि त्यांचे सहकारी वेळासच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केल्यावर कळले ते असे : थंडीच्या दिवसांत रात्री कासविणी वर येतात, अंडी घालतात, सकाळी माग दिसला की ती अंडी माणसे उकरून नेतात. माणसांच्या हातून सुटलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जातात. हे केवळ वेळासचे नव्हते, किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी हीच रीत होती. कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते, कारण कुणी तसे सांगितलेच नव्हते.

इथे येणारी कासवे ऑलिव्ह रिडले जातीची. मराठीत त्यांना सागरी कासव एवढेच म्हणून आपण मोकळे होतो. लांबी साधारण दोन-सव्वादोन फूट, वजन ३५ ते ४५ किलो. ओडिशातल्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे ही कासवे एकाच वेळी हजारोंनी वर येतात, ते दृश्य जगभर प्रसिद्ध आहे. कोकणात तसा थवा येत नाही. एकेकटी मादी येते, वाळूत खड्डा करते, ८० पासून १५० पर्यंत अंडी घालते, खड्डा बुजवते आणि उजाडायच्या आत समुद्रात परतते. पिल्लांशी तिची पुन्हा गाठ पडत नाही. मागे राहतो तो वाळूवर उमटलेला तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग, आणि तोच मागावर असलेल्यांना अंड्यांपर्यंत नेतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि या कासवाला त्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवलेले आहे. अंडी नेणे हा गुन्हा आहे, असे सांगून संस्थेला हात झटकता आले असते. पण पोलीस आणि वनरक्षक रोज रात्री किती किनाऱ्यांवर उभे राहणार? संस्थेने गावाशी बोलायचे ठरवले. ग्रामपंचायतीला विश्वासात घेतले, घरोघर बैठका केल्या, शाळेत मुलांना चित्रे दाखवली. विष्णूचा दुसरा अवतार कूर्म आहे आणि देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, हे कोकणातल्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही. जो जीव देवळात पूजनीय, तोच किनाऱ्यावर सांभाळायचा, हे म्हणणे गावाला पटले.

आणखी एक शहाणपणाचा निर्णय झाला. माग काढण्यात जे तरबेज होते, त्यांनाच राखणीच्या कामात घेतले. किनारा त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. भरती किती वर येते, वाळू कुठे भुसभुशीत आहे, कुठल्या रात्री कासव येण्याचा संभव जास्त, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले होते. त्याच हातांनी आता अंडी राखायची होती. वेळासचे मोहन उपाध्ये यांच्यासारखे गावातले तरुण या कामात उतरले आणि कोकणातल्या कासव संवर्धनाचे जाणते कार्यकर्ते झाले. पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली.

राखण करायची म्हणजे काय करायचे

पाहुण्याला दिसते ते फक्त शेवटचे दृश्य, वाळूवरून समुद्राकडे निघालेली पिल्ले. त्यामागे कित्येक आठवड्यांचे काम असते, ते थोडे जवळून पाहायला हवे.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालण्याचा हंगाम. राखण करणारा गावातला माणूस, म्हणजे कासवमित्र, पहाटे अंधारातच किनाऱ्यावर जातो. माग दिसला की तो वर जाणारा कोणता आणि परतीचा कोणता हे पाहतो. मधे वाळू विस्कटलेली असते, तिथे काठी हलकेच रोवून अंदाज घेतो. वाळू जिथे पोकळ लागते तिथे घरटे. मग हाताने वाळू बाजूला करत खाली जायचे. साधारण दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद, मडक्यासारखा खड्डा असतो. आत पिंगपाँगच्या चेंडूएवढी पांढरी, मऊ कवचाची अंडी.

ही अंडी शक्य तितक्या लवकर आणि न फिरवता उचलावी लागतात. काही तासांनी आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. नंतर अंडे उलटे-सुलटे झाले तर तो दगावतो. म्हणून ज्या बाजूने वर होते त्याच बाजूने अंडे उचलायचे, तसेच ठेवायचे. भरतीच्या रेषेच्या बरेच वर, जाळीचे कुंपण घालून केलेल्या आवारात तसाच मडक्याच्या आकाराचा, तेवढाच खोल खड्डा करायचा आणि अंडी त्यात ठेवून वाळूने झाकायची. या आवाराला सगळे हॅचरी म्हणतात. प्रत्येक घरट्याशेजारी पाटी लागते. तारीख, अंड्यांची संख्या, मूळ जागा, असे सगळे तिच्यावर आणि वहीत लिहायचे.

पुढे ४५ ते ६० दिवस वाट पाहायची. ऊब वाळूची, राखण माणसांची. पिल्लू नर होणार की मादी, हे या वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक. म्हणून हॅचरीची जागा, तिच्यावरची सावली, खड्ड्याची खोली या सगळ्याला महत्त्व आहे. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात, म्हणजे बाहेर आलेली पिल्ले भरकटत नाहीत आणि कावळे-घारींच्या तडाख्यातही सापडत नाहीत. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून पाहायचे.

एखाद्या सकाळी टोपलीखालची वाळू किंचित खचलेली दिसते. मग एक काळसर डोके वर येते, पाठोपाठ दुसरे. तळहातावर सहज मावतील अशी पिल्ले एकमेकांच्या पाठीवरून चढत बाहेर पडतात. ती मोजून घमेल्यात घेतात आणि ओल्या वाळूवर, पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात. उचलून थेट पाण्यात टाकत नाहीत. त्या वाळूवरून त्यांनी स्वतः चालत जावे, असाच कटाक्ष असतो. याच किनाऱ्याची खूण त्यांच्यात रुजते आणि वाढलेल्या माद्या अंडी घालायला आपल्या जन्माच्या प्रदेशात परततात, असे शास्त्रज्ञ मानतात. हजार पिल्लांमधले एखादेच मोठे होईपर्यंत जगते, असा अंदाज सांगितला जातो. म्हणून एकेका घरट्याला मोल आहे.

२००६ : गावाचा नवा उत्सव

राखण सुरू झाली, पण ती चालू ठेवायची तर माणसांना मानधन हवे, कुंपणाला जाळी हवी. देणग्यांवर चार वर्षे निघतील, पुढे काय? शिवाय, ज्या घराचे अंड्यांचे चार पैसे बुडाले त्या घराला या कामातून काय मिळाले, हा प्रश्न रास्त होता. या दोन्ही प्रश्नांना मिळून २००६ साली उत्तर निघाले, ते कासव महोत्सवाचे.

कल्पना साधी होती. पिल्ले बाहेर पडण्याच्या दिवसांत लोकांना गावात बोलवायचे. त्यांनी हॉटेलात उतरायचे नाही, कारण गावात हॉटेल नव्हतेच. गावकऱ्यांच्या घरी उतरायचे, त्यांच्या घरी जेवायचे, सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जाऊन पिल्ले पाहायची, रात्री कासवांवरचे माहितीपट बघायचे. जे पैसे द्यायचे ते त्या घराला द्यायचे. संस्थेने नोंदणी, माहिती, प्रसिद्धी ही बाजू सांभाळली आणि पाहुणचार गावाने.

सुरुवातीला घरांना संकोच होता. ओसरीवर अनोळखी शहरी माणसे झोपणार, त्यांना आपले साधे जेवण रुचेल का, न्हाणीघर चालेल का, अशा शंका होत्या. पाहुणे आले आणि त्याच साधेपणावर खूश झाले. सकाळी घावन किंवा पोहे, दुपारी गरम भात, कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, सोलकढी, आणि सांगून ठेवले तर उकडीचे मोदक. एरवी या पदार्थांचे कौतुक घरातल्याच कुणी केले तर केले असते. आता शहरातून आलेली माणसे पाककृती लिहून घेऊ लागली.

महोत्सवाचे दिवस फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंतचे. कोकणात याच दिवसांत शिमगा येतो, मुंबईचे चाकरमानी गावी येतात, देवाची पालखी घरोघर फिरते. कासव बघायला आलेल्या पाहुण्याला ढोल-ताशांचा आवाज ऐकू येतो, तो पालखी पाहायला जातो आणि गाव त्यालाही प्रसाद देते. नव्या उत्सवाने जुन्या उत्सवाला बाजूला सारले नाही, त्याच्याच शेजारी पाट मांडला.

चुलीपासून दुकानापर्यंत

महोत्सवाने गावाच्या अर्थकारणात काय केले, हे एखाद्या घराच्या हिशेबातून समजते. अशा घरात नारळ-सुपारीची वाडी असते, थोडी आंब्या-काजूची झाडे, पावसाळ्यात भाताचे एखादे खाचर. तरुण मुले मुंबईला. हातात रोख पैसा येतो तो मुलांच्या मनीऑर्डरीतून आणि आंब्याच्या हंगामात. या घराला वर्षातले सात-आठ आठवडे पाहुणे मिळू लागले, तेही आंब्याचे पैसे यायच्या आधीच्या दिवसांत. विशेष म्हणजे हा पैसा बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या हातात येतो, कारण स्वयंपाक तिचा, आदरातिथ्य तिचे आणि पाहुणा निघताना हिशेबही तिच्याशीच होतो.

पाहुणा जाताना रिकाम्या हाती जात नाही. कोकमाचे आगळ, आमसुले, फणसपोळी, आंबापोळी, कुळथाचे पीठ, मेतकूट, पोह्याचे पापड, ओले काजूगर, सुपारी. हे सगळे या घरांत पूर्वीपासून होत असे, पण घरापुरते आणि मुंबईच्या नातेवाइकांपुरते. आता ओसरीवरच्या फळीवर बरण्या मांडलेल्या दिसतात. चिठ्ठीवर हाताने लिहिलेली किंमत, पिशवीत घालून देताना आगळ किती पाण्यात घालायचे याची सूचना आणि वर चार आमसुले चवीला. पाहुणा त्या चवीसाठी पुन्हा मागणी करतो.

याचा फायदा एकाच गावाला झाला असेही नाही. वेळासला यायचे तर बरेच जण श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडून येतात आणि बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून वेश्वीला उतरतात. स्थानिक लोक या बोटीला जंगलजेट्टी म्हणतात. दाभोळ-धोपावे मार्गावर २००३ मध्ये सुवर्णदुर्ग शिपिंग या दापोलीकडच्याच उद्योगाने ही सेवा सुरू केली आणि पुढे ती इतर खाड्यांवर नेली. गाडीसकट खाडी ओलांडता येऊ लागल्याने घाटावरून आणि मुंबईहून येणाऱ्यांचे कित्येक किलोमीटरचे वळसे वाचले. कासवांसाठी निघालेला पाहुणा वाटेत हरिहरेश्वरचे दर्शन घेतो, बाणकोटचा किल्ला चढतो, केळशीला थांबतो, हर्णैच्या बंदरावर माशांचा लिलाव बघतो. प्रत्येक ठिकाणी एखादे घर, एखादी खानावळ, एखादा रिक्षावाला, एखादी मासळी विकणारी बाई यांच्या पदरात काही पडते.

इथे एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. पैसा दिसू लागला की किनाऱ्यालगत मोठ्या खोल्या, झगमगते दिवे, गाड्या वाळूवर, असे होऊ लागते. कासवांना हे तिन्ही चालत नाही. पिल्ले रात्री समुद्रावरच्या मंद उजेडाच्या दिशेने जातात, किनाऱ्यावर तेजस्वी दिवे असले तर उलट दिशेला फिरतात आणि मरतात. गाड्यांनी वाळू घट्ट झाली तर मादीला खड्डा करता येत नाही. पाहुण्यांच्या सोयी वाडीत आणि घरात राहाव्यात, किनारा काळोखा आणि मोकळा राहावा, हे या कामाचे मूळ पथ्य आहे. ज्या गावांनी ते पाळले, त्यांचा उत्सव टिकला.

एका गावातून साऱ्या किनाऱ्यावर

वेळासचे पाहून शेजारची गावे पुढे आली. संस्थेने केळशी, आंजर्ले, कोळथरे, दाभोळ, गुहागर अशा रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांत काम पसरवले. उत्तरेला रायगडमध्ये हरिहरेश्वर-दिवेआगरपर्यंत आणि दक्षिणेला सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यांपर्यंत कासवमित्रांची साखळी तयार झाली. आंजर्ल्यात कासव महोत्सव होऊ लागला. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीत कासवांच्या नावाने माणसे जमू लागली. गुहागरसारख्या नगरपंचायतीच्या गावी, लांबच लांब समुद्रकिनाऱ्यावर, घरट्यांची मोठी संख्या नोंदवली जाऊ लागली.

या टप्प्यावर संस्थेने जे केले ते संस्थांच्या जगात दुर्मीळ आहे. काम वाढले, नाव झाले, तेव्हा तिने ते काम हळूहळू वन विभागाकडे आणि गावांकडे सोपवले. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०१५ साली त्याला जोड म्हणून कांदळवन प्रतिष्ठान उभे राहिले. आज कासवमित्रांचे मानधन, हॅचरीचे साहित्य, नोंदींची पद्धत यांची बरीचशी जबाबदारी या यंत्रणांकडे आहे. कार्यकर्ते अनेक तेच राहिले. संस्थेने घडवलेली माणसे शासनाच्या कामाला मिळाली, आणि संस्था मागे राहूनही काम पुढे चालत राहिले. एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या यशाची याहून चांगली कसोटी मला सुचत नाही.

या चळवळीचा ठसा मराठी कलेवरही उमटला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटात कोकणातल्या कासव संवर्धनाचे काम कथेच्या गाभ्याशी आहे. डॉ. मोहन आगाशे यांनी निर्मिलेल्या या चित्रपटाला ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले.

मासेमारांशिवाय हे काम अपुरे राहिले असते. भर समुद्रात जाळ्यात अडकून कासवे गुदमरतात, कारण त्यांना श्वासासाठी वर यावेच लागते. जाळे कापून कासव सोडायचे तर मच्छीमाराचे नुकसान होते. हे ओळखून महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस एक योजना आली. संरक्षित सागरी जीव जाळे कापून सोडला, त्याचे छायाचित्र काढले, तर नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. किनाऱ्यावरचा कासवमित्र आणि खोल पाण्यातला तांडेल असे दोघे आता एकाच कामात आले.

वादळ आणि बंद दारे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याचा तडाखा श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंतच्या गावांनी झेलला. दोन-तीन पिढ्यांनी लावलेल्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. घरांवरची कौले उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. सुपारीचे झाड पुन्हा उत्पन्नाला यायला वर्षे लागतात. ज्या वाडीच्या सावलीत पाहुणे बसत असत, तिथे उन्हात ओंडके पडले होते. त्याच वर्षी करोनाची साथ होती. पाहुण्यांना यायला बंदी आणि महोत्सव थांबलेला.

या काळात या सगळ्या रचनेची खरी परीक्षा झाली. पाहुणे नाहीत म्हणजे उत्पन्न नाही, तर मग अंडी राखायची कशासाठी, असे कुणी म्हणाले असते तर त्याला दोष देता आला नसता. पण समुद्रातून माद्या येत होत्या आणि पहाटेची फेरी चालू राहिली. कासवमित्र वहीत नोंदी करत राहिले, पिल्ले प्रेक्षकांशिवायही पाण्यात जात राहिली. बंदी उठल्यावर पाहुणे परतले तेव्हा कुंपण जागेवर होते. चुलीचा आणि कासवाचा संबंध केवळ पैशाचा उरला नव्हता, हे त्या दिवसांनी सिद्ध केले.

प्रथमा, सावनी आणि बागेश्री

कोकणातून गेलेली कासवे पुढे कुठे जातात, हा प्रश्न वेळासच्या शाळेतल्या मुलांनीही विचारलेला असणार. त्याचे उत्तर मिळायला सुरुवात झाली ती जानेवारी २०२२ मध्ये. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी कोकणातल्या माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे छोटे यंत्र बसवले. पहिली मादी वेळासची. तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. आंजर्ल्याची ‘सावनी’. त्या हंगामात अशा पाच माद्या निघाल्या. पश्चिम किनाऱ्यावर हा प्रयोग पहिल्यांदाच होत होता, आणि त्यातली पहिली मादी वेळासच्या वाळूवरून गेली, याचा गावाला सार्थ अभिमान आहे.

पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेल्या ‘बागेश्री’ने सगळ्यांना चकित केले. ती दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. अरबी समुद्रातली आणि बंगालच्या उपसागरातली कासवे वेगवेगळी, असा सर्वसाधारण समज होता. त्याला धक्का बसला. जानेवारी २०२५ मध्ये उलट दिशेची साक्षही मिळाली. २०२१ साली ओडिशात पायाला धातूची पट्टी लावलेली एक मादी गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास करून ती आली होती. ती पट्टी वाचणारा माणूस त्या रात्री किनाऱ्यावर होता, म्हणून हे जगाला कळले. वीस वर्षांपूर्वी तिथे कदाचित अंडी उकरणारा माणूस असता.

वेळासने दिलेला धडा

सह्याद्री निसर्ग मित्र पुढच्या कामांतही हीच वाट चालली. खवले मांजराची खवल्यांसाठी जगभर चोरटी शिकार होते, सह्याद्रीतही होते. संस्थेने त्यासाठी पाहणी सुरू केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात ‘खवलोत्सव’ झाला. जागतिक खवले मांजर दिनी गावाने खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून मिरवली. रानातला जीव गावाच्या देवघरापर्यंत पोचला की त्याच्या राखणीला पहारेकरी लागत नाही, हा अनुभव वेळासहून डुगव्याला गेला.

इतक्या वर्षांच्या या वाटचालीतून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. किनाऱ्यावरच्या गावाची समृद्धी बाहेरून आलेल्या मोठ्या गुंतवणुकीनेच येते, हे खरे नाही. गावाजवळ जे आहे त्याचे मोल गावाला कळले, पाहुण्याला ते आदराने दाखवता आले आणि मिळालेला पैसा घरोघर पोचला, तर लहान गावही आपल्या पायावर उभे राहते. वेळासने हे करून दाखवले. काम संपलेले नाही. समुद्र किनारा खात आहे, वाळू दरवर्षी जास्त तापते आहे, भरती आली की प्लास्टिक वर येते. कासवमित्रांचे मानधन अजूनही त्यांच्या कष्टाला पुरे पडणारे नाही. या प्रश्नांची उत्तरे शोधायला गाव, संस्था आणि शासन या तिघांनाही पुन्हा एकत्र बसावे लागेल.

वाचकांना एवढेच सांगणे आहे. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या दिवसांत वेळासला, आंजर्ल्याला किंवा आपल्या जवळच्या कासवांच्या गावाला जरूर जा. आधी चौकशी करून, जागा ठरवून जा आणि हातात निदान दोन दिवस ठेवा, कारण पिल्ले आपल्या सवडीने बाहेर येतात. दोरीच्या मागे उभे राहा, फ्लॅश लावू नका, पिल्लांना हात लावू नका. गावातल्या घरी उतरा, तिथले जेवा, परतताना आगळाची एक बाटली आणि आमसुलांचे एक पाकीट विकत घ्या, आणि आपण आणलेला कचरा आपल्याबरोबर परत न्या. तुम्ही त्या घरात दिलेला प्रत्येक रुपया पुढच्या हंगामातल्या एखाद्या घरट्याच्या राखणीला लागतो.